राखून ठेवलेल्या चार सऱ्या

"एक सीट माझी, दीड सीट या पिसांची. वर नाकात गुदगुल्या फुकट!"

शेअर रिक्षात शेजारचा माणूस स्वतःशीच पुटपुटला, पण ते थेट रोशनीच्या कानात शिरलं. शिरणारच. त्याचं तोंड तिच्या कानापासून वीतभर अंतरावर, आणि मधे तिच्या मांडीवरचा चार फुटी निळा पंख – अर्धा रिक्षाबाहेर, अर्धा त्याच्या नाकाशी.

"काही म्हणालात?"

"मी? नाही... शिंकलो."

"शिंक चांगली शुद्ध मराठीत आली."

तो ओशाळून हसला. तेवढ्यात इंदिरानगरच्या वळणावर रिक्षा वळली, सकाळचं तिरपं ऊन पंखातून आरपार आलं आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर निळा कवडसा पडला. तो आधी शर्टाकडे बघत राहिला, मग पंखाकडे, आणि मग... पंखाच्या मालकिणीकडे.

"हलू नका."

"चालत्या रिक्षात?"

"निदान पंख तरी हलवू नका. नीळकंठ ना हा?"

रोशनीनं पंख आणखी घट्ट धरला. आजवर तिला लोकांनी विचारलं होतं ते 'शाळेत गॅदरिंग आहे का?' नाहीतर 'नाटक-बिटक का?' दिवसभर औषधांच्या दुकानात गोळ्यांच्या पट्ट्या कापणारी ही मुलगी संध्याकाळी बाल्कनीत बसून कॉस्प्लेचे पोशाख शिवते, म्हणजे खेळांतल्या, कार्टूनमधल्या पात्रांचा वेश हुबेहूब स्वतःच्या हातानं घडवते, हे नातेवाइकांना समजावता समजावता तिचा घसा बसला होता. हे पंख होते मोबाइलवरच्या एका खेळातल्या नीळकंठसेनेच्या सेनापतीचे. आत्याच्या जुन्या झिरझिरीत ऑर्गंझा साडीचे. आणि या अनोळखी माणसानं पक्षी ओळखला होता!

"मी लखन. लग्नाआधीचे फोटो काढतो. नवरा-नवरीला द्राक्षबागेत पळवतो... म्हणजे त्यांचं त्यांनाच पळायला लावतो. याचे फोटो कोण काढतंय?"

"अजून कुणी नाही."

"मग काढतो ना मी," तो म्हणाला. आणि उतरायचा थांबा मागे गेला, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

झालं, ठरलं. हैदराबादेत सिनेमाचे पोशाख बनवणाऱ्या एका कार्यशाळेला माणसं हवी होती. तीन फोटो पाठवायचे, महिनाभरानंतरच्या एका सोमवारपर्यंत. फोटो पसंत पडले तर नोकरी. रोशनीनं हे लखनला पहिल्याच चहाला सांगितलं. त्यानं बशीत सांडलेला चहा पुन्हा कपात ओतला आणि म्हणाला, "मग उत्तमच काढायला हवेत."

योजना त्यानंच आखली. निळ्यामागे केशरी हवं, आणि मखमलाबादला त्याच्या घरचा एकरभर झेंडू फुलत आलेला. दुपारी बाराच्या उन्हात डोळ्यांखाली काळे खड्डे दिसतात, म्हणून उजाडल्यावरचा पहिला तासच कामाचा. सूर्य पाठीशी, म्हणजे पंख पेटतील. चेहरा मात्र अंधारात जाईल, तिथे समोरून थर्माकोलच्या पांढऱ्या शीटवरून उजेड फेकायचा.

थर्माकोल धरायला उभी राहिली लखनची आई, भागीबाई. पंख बांधायला आले रोशनीचे बाबा, महेशराव. ओझरच्या कारखान्यात बत्तीस वर्षं विमानाचे पंख जोडलेला माणूस, मुलीच्या पंखांना नाही कसं म्हणणार? उघडझाप करणारी बिजागरी त्यांनीच बसवली होती.

पहिल्या रविवारी भागीबाईनं रोशनीला खालपासून वर न्याहाळलं. "बाई गं! ही लगीन करायला आली का लढाई?"

"लढाई, मावशी."

"मंग बरंय. लगीन झाल्यावर करण्यापरीस आधीच उरकून घ्यावी."

लखननं पन्नासेक फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यात बराच वेळ बघितलं. मग मान हलवली. "उजेड जरा कडक पडला. पुढच्या रविवारी येऊ."

पुढच्या रविवारी उजेड मऊ पडला. त्याच्या पुढच्या रविवारी उजेडाबद्दल तो काही बोलायच्या आत उजव्या पंखाचा नट सैल झाला, पंख लोंबकळला, आणि काम थांबलं. मग बांधावर बसून भागीबाईची बाजरीची भाकरी, ठेचा. 'अहो लखन'चं 'अरे लखन' कधी झालं, ते त्या ठेच्यालाच ठाऊक.

"सेनापती लाजत नसते," कॅमेऱ्याआडून तो म्हणायचा. "रागाने बघ."

"तू तसं बघू नकोस, मग बघते रागाने."

"फोटोग्राफरनं न बघता फोटो काढायचा?"

"डोळ्यानं बघ. सगळ्या तोंडानं कशाला बघतोस?"

महेशराव घाईघाईनं पान्हा शोधू लागायचे. भागीबाई आभाळाकडे बघायची. हैदराबादचं नाव मात्र कुणी काढायचं नाही. फोटो चांगला आला तर पोरगी जाणार, हे चौघांनाही कळत होतं. म्हणूनच बहुधा, चौघांपैकी कुणालाच घाई नव्हती.

आणि मग शुक्रवारी लखनचा फोन आला. आवाज पार पडलेला.

"रोशनी... एक घोळ झालाय. मंगळवारी दसरा."

"हो. मग?"

"मग उद्या तोडणी. दसऱ्याच्या बाजाराला सगळा झेंडू जातो. रविवारी मळ्यात नुसता हिरवा पाला असेल." त्याच्यामागे कुणीतरी टोपल्या मोजत होतं. "मी झेंडूवाल्याचा मुलगा, रोशनी. अख्खं वर्ष आमच्या घरी दसऱ्याचे दिवस मोजतात. आणि मीच विसरलो."

रोशनीला रडू यायला हवं होतं. आलं हसू. झेंडूवाल्याच्या पोराला दसऱ्याचा विसर पडावा, असं त्याच्या डोक्यात काय भरलं असेल... हे तिनं विचारलं नाही. "तरीही येते," एवढंच म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र तिनं कॅलेंडर बघितलं. सोमवारी पाठवायला तिच्याकडे लखननं पसंत केलेला एकही फोटो नव्हता.

रविवारी मळा खरंच ओरबाडलेला होता. हिरवी झाडं, तुटके देठ, पायाखाली विखुरलेल्या पाकळ्या. आणि पार टोकाला, पूर्वेच्या बांधाला लागून, झेंडूच्या चार सऱ्या, चार सरळ ओळी! भरगच्च, केशरी, एकही फूल न तोडलेल्या.

लखन आईकडे बघतच राहिला. "आई, ह्या...?"

"बाया दमल्या. म्हून राहिल्या," भागीबाईनं तोंड फिरवलं आणि थर्माकोल उचललं. "उभी ऱ्हा गं. सूर्व्य काय तुझ्यासाठी थांबायचा नाय."

दसऱ्याच्या तोंडावर झेंडू झाडावर सोडणारी बाई अख्ख्या मखमलाबादेत सापडायची नाही. लखन लेन्स पुसू लागला.

सूर्य बांधावर आला. बाबांनी पंख उघडले. ऊन ऑर्गंझातून आरपार गेलं आणि निळा रंग आतून पेटल्यासारखा झाला. मागे केशरी, समोरून थर्माकोलचा दुधाळ उजेड. रोशनीला सैन्य आठवलं नाही, शत्रू आठवला नाही. आठवलं एवढंच, की हा शेवटचा रविवार. तिनं समोर बघितलं... सरळ, न लाजता.

खटक्. खटक्. आणि आणखी एकदा.

लखननं कॅमेरा खाली केला. पडद्याकडे बघत राहिला.

"आला?" तिनं विचारलं.

"आला."

कुणालाच आनंद झाला नाही. बांधावर चिमण्या तेवढ्या कलकलत होत्या.

"पहिल्या रविवारीही आला होता," लखन जमिनीकडे बघत म्हणाला. "उजेड पहिल्या दिवसापासून चांगला होता, रोशनी. मीच खोटं बोललो. तुझी नोकरी पणाला लावली. रागाव माझ्यावर."

रोशनी रागाने बघायला गेली. जमेना. "तो पंखाचा नट..." ती चाचरली, "येताना गाडीत मीच सैल केला होता."

"ते मला कळलं होतं," महेशराव पान्ह्याशी चाळा करत म्हणाले. "तसला नट आपोआप सैल होत नसतो. म्हणून तर दुरुस्तीला दोन तास लावले."

सगळ्यांनी भागीबाईकडे बघितलं.

"बाया नव्हत्या दमल्या," ती म्हणाली. "मीच म्हणले, ऱ्हाऊ द्या."

लहान लहान खोटं सगळं बाहेर आलं होतं. मोठं खरं तेवढं मधोमध उभं होतं, पंख पसरून.

"हात भरून आला बाई माझा," भागीबाई करवादली. थर्माकोल मात्र तिनं खाली घेतलं नाही. सगळा उजेड रोशनीच्या चेहऱ्यावर. "बोला कुणीतरी. मंगच ठेवीन मी हे."

लखननं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. नवरा-नवरीला 'जवळ या, अजून जवळ' म्हणून ओरडणारा हा माणूस! रोशनी पंखांसकट दोन सऱ्या ओलांडून त्याच्या पुढ्यात आली.

"फोटो मी उद्या पाठवणार," ती म्हणाली. "बोलावलं तर हैदराबादला जाणार. आणि तू मला आवडतोस, लखन... फार आवडतोस. हे जाण्याआधीही खरं, आणि गेल्यावरही."

भागीबाईनं थर्माकोल खाली ठेवलं.