खुंटीवरची म्होरकी

ॲन्सेल टॉलिव्हर, त्यांचे पुत्र बर्ल, आणि बर्ल यांचे पुत्र डेलमार. टेक्सासच्या उत्तर टोकाला, जिथे वारा कधी बसत म्हणून नाही, तिथे या तिघांनी एकामागून एक गुरे राखली, स्त्रियांशी हॅट उतरवून बोलले आणि दिलेला प्रत्येक शब्द पाळला... एक सोडून. तो एक शब्द चौथ्या पिढीच्या हॉलिसच्या वाट्याला आला होता.

मार्चमधल्या त्या सोमवारी इरासेमा कांतूला हे ठाऊक असते, तर ती त्याच्या बसमध्ये चढलीच नसती.

सान अंतोनियोच्या जुन्या मिशन-चर्चच्या दगडी कमानीखाली तिचे बावीस प्रवासी ताटकळत होते. सहा दिवसांत राज्य दाखवायचे हे तिचे काम, आणि ते ती अभिमानाने करी. नेहमीच्या चालकाचा पाय मोडला होता. ऐनवेळी पाठवलेला हा बदली चालक उंच होता, उन्हाने रापलेला होता, आणि त्याचे बूट मात्र आरशासारखे लख्ख होते.

"मॅडम, मी हॉलिस."

"चार मिनिटं उशीर झालाय तुम्हाला."

"हो. कमानीत एक पाकोळी घरटं बांधत होती. बघत राहिलो."

"घड्याळही बघत जा."

"आता तुम्ही आहात ना..."

इरासेमाने ओठ घट्ट मिटले. हसू नये म्हणून.

बस उत्तरेकडे निघाली. दोन्ही अंगांना टेकड्या निळ्या फुलांनी माखल्या होत्या, जणू आभाळ थोडा वेळ विसाव्याला खाली उतरले होते. ध्वनिक्षेपक हाती घेऊन तिने नेहमीचे वाक्य उच्चारले, "दोर, खोगीर, बुटांच्या टाचांची आरी, सगळं या राज्याला आमच्या मेक्सिकन लोकांनी दिलं. घोड्यावर कसं बसायचं तेही." या वाक्यावर बहुतेक चालक कुरकुरत. हा मात्र मान डोलावून म्हणाला, "अगदी खरं. आणि पडलं तर कसं उठायचं, तेही."

जेवणासाठी एका रँचवर जायचे होते. वाटेत फाटक आले. हॉलिसने बस थांबवली आणि तो तिच्याकडे पाहत स्वस्थ बसला.

"काय?"

"चालवणाऱ्याच्या शेजारी बसेल त्यानं फाटक उघडायचं. रीत आहे."

"माहीत आहे. आणि लावायचं कोणी?"

"तेही शेजारणीनंच."

"मग चालवणाऱ्यानं काय करायचं?"

"शेजारीण किती ऐटीत चालते, ते बघायचं."

ती उतरली. आणि ऐटीतच चालली.

जेवताना, मंद धुरावर भाजलेल्या मांसाचा दुसरा तुकडा ताटात घेत, ओहायोच्या एका निवृत्त शिक्षिकेने हॉलिसला सहज विचारले, "तुमचीही गुरं आहेत म्हणे. किती आहेत हो?" टेबलाच्या टोकाला बसलेल्या रँचमालकाचा काटा हवेतच थबकला. या मुलखात गुरांचा आकडा विचारणे म्हणजे एखाद्याच्या खिशात हात घालणे. हॉलिसने बाईंना पाव पुढे केला आणि मऊ आवाजात म्हटले, "आजी, मी उपाशी मरणार नाही इतकी, आणि आळशी होणार नाही इतकी." सगळे हसले. बाईही हसल्या, आपण काही चुकलो हे त्यांना कळलेसुद्धा नाही. त्या क्षणी इरासेमाने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. दुसऱ्याची लाज राखणारा पुरुष तिला फार दिवसांत भेटला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सांजेला, जर्मन स्थलांतरितांच्या जुन्या वस्तीतल्या लाकडी नाचघरात, व्हायोलिनने संथ वॉल्ट्झ धरला. त्याचा हात तिच्या पाठीवर होता, टेकलाही आणि नाहीही... झाडावर बसणाऱ्या पाखरासारखा.

"तुम्ही मोजताय," ती म्हणाली.

"काय?"

"पावलं. ओठ हलताहेत तुमचे."

"पावलं नाही मोजत. गाणं संपायला किती उरलंय ते मोजतोय."

पुढचे गाणेही त्यांनी सोडले नाही.

पाचव्या दिवशी पालो ड्यूरोची दरी आली. सपाट माळ चालता चालता एकाएकी दुभंगतो आणि पायाखाली तांबड्या, केशरी, पांढऱ्या कड्यांची अफाट घडण उघडी पडते. प्रवासी बोलेनासे झाले. हॉलिसने हॅट उतरवून छातीशी धरली.

"माझं घर इथून तासाभरावर. लहानपणापासून बघतोय... तरी हॅट डोक्यावर राहत नाही."

मग त्याने संकोचाने फोन पुढे केला. "आणि ही पालोमा. हिला विकणार नाही आणि कुणाला उसनीही देणार नाही. गाभण आहे."

चित्रात घोडी होती. उंदरी राखी रंग, पाठीवरून शेपटीपर्यंत काळी रेघ, पायांवर काळे पट्टे. इरासेमाने बोटांनी चित्र मोठे केले.

"हॉलिस... तुमचं आडनाव काय?"

"टॉलिव्हर."

इरासेमाने फोन त्याच्या हातात परत दिला.

"आमच्या तबेल्यात एक खुंटी आहे," ती म्हणाली. "तिच्यावर कातड्याची एक म्होरकी लटकते आहे, सत्तर वर्षं. माझ्या पणजोबांनी, प्लासिदो कांतूंनी, मोठ्या दुष्काळात टॉलिव्हर नावाच्या एका माणसाला, परत आणीन या त्याच्या शब्दावर, गाभण घोडी दिली होती. उरलीसुरली गुरं रेल्वेपर्यंत न्यायला. अशाच रंगाची. म्होरकी तिचीच."

त्याचा चेहरा उतरला. "ती वाटेत व्याली आणि मेली. शिंगरू जगलं. माझ्या पणजोबांना तोंड दाखवायची लाज वाटली, ते इकडे उत्तरेला निघून आले. आजोबा परतफेड करायला गेले होते. बाजारातला सर्वांत महागडा घोडा घेऊन."

"आणि माझ्या आजोबांनी फाटकावरूनच परत पाठवलं. घोड्याला घोडा दिला की फिटलं, असं वाटलं त्यांना? आमच्या घोडीचं रक्त नेलं होतं तुम्ही. रक्तच परत यायला हवं."

"वडिलांच्या वेळी त्या वंशाला घोडेच होत गेले. घोडी जगली ती ही एकच..." तो थांबला. फोनमधल्या पालोमाकडे त्याने पाहिले नाही.

"त्या फाटकातून टॉलिव्हर आत येणार नाही, हा अपांचा शब्द आहे," ती म्हणाली. वडिलांना ती अपा म्हणे. "आणि अपांच्या पाठीमागे मी काही करत नाही."

"करूही नका," हॉलिस म्हणाला, आणि त्याने हॅट डोक्यावर ठेवली.

सफर संपली. त्याने तिची पेटी उतरवून दिली, हॅटच्या कडेला बोट लावले आणि तो गेला. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. दक्षिणेत हेब्रनव्हिलजवळच्या काटवणात मेस्कीटची झाडे पालवली. इरासेमा आपल्या प्रवाशांना तीच फुले, तीच दरी दाखवत राहिली, आणि प्रत्येक फाटक उघडताना, आपली ऐट बघणारे कोणी नाही म्हणून, तिला राग येत राहिला.

एप्रिलअखेरच्या एका सकाळी फाटकाशी गाडी थांबली. मागे घोड्याचा ट्रेलर होता. हॉलिस खाली उतरला, फाटकापाशी आला, पण त्याने कडीला हात लावला नाही. इरासेमा ओसरीवरून धावतच आली, मग चार पावले उरली तेव्हा सावकाश चालू लागली.

"साडेसहाशे मैल," ती म्हणाली. "एका दिवसात आलात?"

"दोन. तिला दर तीन तासांनी उतरवून पाय मोकळे करू दिले. दिवस भरत आलेत तिचे."

"हॉलिस... ही तर तुम्ही कुणाला देणार नव्हता."

"माझी होती तोवर. पण ती माझी नव्हतीच... खरं ना?" त्याने वळून ट्रेलरकडे पाहिले. "फाटक उघडा ना. शेजारच्या जागेवर कोणीच नाही आज."

"मग इतके दिवस कोण उघडत होतं?"

"मीच. फार वाईट चालतो मी. बघण्यासारखं काही नसतं."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "अपा!" अशी तिने घराकडे हाक घातली, आणि त्यांच्या देखत कडी काढली.

तिचे वडील, डॉन एव्हारिस्तो कांतू, काठी न टेकता आले. त्यांनी हॉलिसकडे पाहिलेही नाही. पालोमाच्या पाठीवरची काळी रेघ त्यांनी बोटाने शेवटपर्यंत ओढली, पायांचे पट्टे पाहिले, मग पोटाला तळवा लावला. आतून शिंगराने लाथ मारली. म्हाताऱ्याने तळवा तिथेच ठेवला.

"काय हवंय बदल्यात?" त्यांनी विचारले. "माझी मुलगी?"

"नाही, सर." हॉलिसने हॅट उतरवली. "ही तुमची होती, ती आणली. त्यात देणं-घेणं नाही. इरासेमाचं विचाराल तर... ती काही घोडी नाही. तिला जे विचारायचं ते मी तिलाच विचारीन. आणि ती नाही म्हणाली, तरी पालोमा इथंच राहील."

डॉन एव्हारिस्तो मुलीकडे वळले. "याला बोलता येतं."

"उशिरा येतो, पण बोलतो बरा," इरासेमा म्हणाली. तिची नजर हॉलिसवर होती. "विचार ना. की गाणं संपायची वाट बघतोयस?"

"इरासेमा, माझ्या शेजारी बसशील? जन्मभर?"

"फाटकं मी उघडीन. लावायची मात्र तू. मला ऐटीत बसून बघायचंय."

म्हातारबुवा तबेल्यात गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात सत्तर वर्षांच्या धुळीने काळवंडलेली वेणीची म्होरकी होती. त्यांनी ती तेल लावल्यागत हळुवार चोळली आणि पालोमाच्या तोंडावर चढवली. ती जशीच्या तशी बसली.

"गाभण गेली होती," ते म्हणाले, "गाभण आली."

आणि तबेल्यातली ती खुंटी रिकामी झाली.