निळी फेरी राहून गेली

"ह्या डब्यातून रंगीत फोटो निघाला ना आबा, तर ही मिशी भर गेटावर उतरवतो! सगळ्यांच्या देखत!"

हणमंतकाका शिर्के मिशीला पीळ देत गरजले. साताऱ्याच्या अजिंक्य कॉलनीत त्या मिशीचा दरारा असा, की दूध घालणारा रोबोटसुद्धा आधी तिला नमस्कार करायचा. (त्याला हे कुणी शिकवलं, ते विचारू नका.)

"आणि रंगीत निघाला नाही तर?" शेजारच्या शकूमावशीनं काडी टाकली.

"तर मी कोंबडा होऊन गेटापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आरवत जाईन," जुईचे आबा म्हणाले. आबा म्हणजे निवृत्त शास्त्रज्ञ. वय पंच्याहत्तर, गुडघे त्याहून जुने.

टाळी पडली. सगळे खो-खो हसले. जुई तेवढी हसली नाही.

सकाळीच बातमी आली होती. सूर्यावर मोठा भडका उडाला होता आणि सौरवादळ (सूर्यातून सुटलेल्या विद्युतभारित कणांचा लोंढा) पृथ्वीकडे निघालं होतं. विजेची यंत्रं जळू नयेत म्हणून दुपारी चार वाजता अख्ख्या राज्याची वीज बंद होणार होती. परत कधी येणार? कुणी आठवडा म्हणे, कुणी वर्ष.

आणि वीज गेली की आजीची भिंत विझणार.

जुईच्या आजीला विसरण्याचा आजार. रोज सकाळी पलंगासमोरची भिंत उजळायची नि एकेक फोटो यायचा. आजी टक लावून बघायची आणि मग म्हणायची, "अगं जुई, तिथं काय उभी? ये की!" मागं एकदा भिंत बिघडली होती. त्या दिवशी आजीनं जुईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "कुणाची गं तू? घरी वाट बघत असतील. जा बाळ."

जुई न्हाणीघरात जाऊन रडली होती. आता तशी सकाळ रोज येणार होती.

म्हणून तर आबांनी माळ्यावरून तो डबा काढला होता. फिल्म रेकॉर्डर (संगणकातला फोटो फिल्मवर उतरवणारं टेबलावरचं यंत्र). आत एका टोकाला तळहाताएवढा काचेचा पडदा, दुसऱ्या टोकाला कॅमेरा, मधे मिट्ट अंधार. पडदा उजळला की दिसायचा फक्त राखाडी-पांढरा. तेच बघून काकांना पैजेची हुक्की आली होती.

जुईलाही कोडं पडलं. "आबा, पडद्यात रंगच नाही. मग फोटोत कुठून येणार?"

"साडीवर ठसे मारताना बघितलेस ना? एका रंगाचा एक ठसा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. तसंच हे. पडदा आणि कॅमेऱ्याच्या मधे एक चाक आहे. त्यात तीन काचा, लाल, हिरवी, निळी. पहिल्या फेरीत फोटोतल्या लाल रंगाचा हिशेब तेवढा पडद्यावर येतो. लाल जास्त तिथं ठिपका लख्ख, कमी तिथं मंद. ठिपक्याला ठिपका, ओळीखाली ओळ. तो उजेड लाल काचेतून फिल्मवर पडतो. फिल्म जागची हलत नाही. मग हिरवी फेरी, मग निळी. तिन्ही एकावर एक बसल्या की झाला रंगीत."

"म्हणजे लगेच दिसतो?"

"नाही. तो सुप्त असतो (असतो, पण दिसत नाही). रसायनात बुडवला की जागा होतो. त्याआधी बाहेरचा उजेड लागला, तर मेला म्हणून समज. पण एकदा जागा झाला की त्याला ना वीज लागते, ना भिंत. खिडकीशी धरला की बास."

फिल्मचा रोल एकच होता, थेट खरे रंग दाखवणारा, फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीमागं जपलेला.

यंत्र घरघरू लागलं. एकेक फोटो आत जात होता. प्रत्येक फेरीनंतर चाक 'खट्' करायचं आणि जुईच्या छातीतही तसंच काहीतरी व्हायचं. ती घड्याळाकडं बघायची, मग यंत्राकडं. शेवटचा फोटो होता आजीच्या मांडीवरच्या जुईचा. तोही आत गेला. फिल्म एक घर (एका फोटोची जागा) पुढं सरकली नि यंत्र थांबलं. आबा रसायनांसाठी पाणी तापवायला स्वयंपाकघरात गेले.

तेवढ्यात हणमंतकाका आत डोकावले. "बघू तरी, किती टक्के झालंय?"

जन्मभर ज्यानं बटण दाबलं की फोटो बघितला, त्याला दुसरं काय सुचणार? काकांनी कॅमेऱ्याची पाठ टचकन उघडली.

"काका, नको!"

जुईनं झडप घालून झाकण दाबलं. पण उजेड जायचा तो आत गेला होता.  स्वयंपाकघरातून धावत आलेले आबा मटकन खुर्चीत बसले. काकांचं तोंड पिठासारखं पांढरं.

"पैजेसाठी नाही गं पोरी. मिशीची शपथ. मला वाटलं, दिसत असेल काहीतरी."

 घड्याळ चाललंच होतं. जुईला उद्याची सकाळ दिसली: विझलेली भिंत, आजीचे कोरे डोळे. कुणाची गं तू?

आणि तिचा हात तसाच झाकणावर थांबला.

"आबा, फिल्म आत गुंडाळली जाते ना? कांद्यासारखी? मग उजेड फक्त वरच्या पापुद्र्याला लागला असेल. आतल्यांना वरच्यानं झाकलं असेल!"

आबा ताडकन उठले. "शाब्बास! आणि रोलच्या डबीतली कोरी फिल्म अजून अंधारातच आहे! गेले ते शेवटचे दोन-तीन फोटो."

त्यातच तिचा होता. चार वाजायला थोडाच अवकाश होता. "तुझाच घालू परत," आबा म्हणाले. फिल्म चार घरं पुढं सरकवून त्यांनी यंत्र सुरू केलं.

लाल फेरी. ओळीखाली ओळ. किती सावकाश! खट्. हिरवी फेरी. काका दाराशी देवाचं नाव घेत उभे. हिरवी संपली. खट्. चाक निळ्या काचेवर आलं.

आणि पंखा थांबला. फ्रीज गप्प झाला. कॉलनीभर एकदम शांतता पसरली, कानांना दडे बसल्यासारखी. पडदा काळा ठिक्कर.

संध्याकाळी आबांनी अंधाऱ्या न्हाणीघरात फिल्म बंद डब्यात भरली आणि त्यात गॅसवर तापवलेल्या पाण्यात कालवलेली रसायनं ओतली. जुईला झोप लागली नाही.

सकाळी फिल्म खिडकीशी धरली. आबांचा लग्नातला फेटा लालभडक! कासच्या पठारावरची जांभळी फुलं, आजीची मोरपंखी साडी. मग सहा-सात घरं नुसती कोरी, उजेडानं धुतलेली. आणि शेवटी जुई नि आजी. दोघी पिवळ्या. दात पिवळे, भिंत पिवळी, डोळ्यांतला पांढराही पिवळा.

"बिघडला?" काका हळूच म्हणाले.

"लाल नि हिरवा उजेड एकत्र आला की पिवळा होतो," जुई म्हणाली. "निळी फेरी राहिली ना."

आजीनं एकेक घर बघितलं. पिवळ्यापाशी थांबली. कितीतरी वेळ थांबली.  आजीनं फोटोवरून बोट फिरवलं, वर बघितलं, कपाळाला आठी घातली.

"अगं, आपल्याला हळदीत कुणी बुडवलं गं जुई?"

जुईनं आजीच्या कुशीत डोकं खुपसलं ते बाहेर काढलंच नाही.

दहाच्या सुमारास अख्खी कॉलनी गेटावर लोटली. वीज नाही, करमणूक नाही; मिशी तरी बघू! शकूमावशीनं पाण्याचा वाडगा धरला. आजीसाठी खुर्ची आणली. वस्तरा फिरला आणि अर्धी मिशी खाली पडली. काकांनी डोळे गच्च मिटले.

"कोण हो हा?" आजीनं विचारलं.

"वहिनी, मी हणमंता!"

"छट्! हणमंताला मिशी आहे."

गेट हसून हसून हललं. काकाही हसले. "आबा, वीज आली की पहिला फोटो माझा. तिन्ही फेऱ्या पूर्ण करून. मी झाकणाला हात लावणार नाही!" आणि त्यांनी दुसरा गाल वस्तऱ्यापुढं केला.