मोकळ्या रस्त्यात आडवं कोण?

जालन्याच्या भाजीबाजारातून, हातगाड्या, रिक्षा आणि भर रस्त्यात निवांत रवंथ करणाऱ्या दोन गाई यांच्यामधून जी गाडी मोठ्या ऐटीत बाहेर पडली, तीच गाडी मोकळ्या द्रुतगती महामार्गावर आल्यावर दमायला लागली. इथं ना सिग्नल, ना गर्दी, ना खड्डा. खरं तर इथं तिनं मजेत पळायला हवं होतं. मागच्या सीटवर बसलेल्या चार्वीला हे कोडं काही केल्या सुटेना.

समोरच्या पडद्यावर ‘पल्ला’ असं लिहिलेलं होतं. (बॅटरीत उरलेल्या विजेवर गाडी अजून किती अंतर जाईल, याचा अंदाज म्हणजे पल्ला.) महामार्गाला लागताना तिथं पाचशे किलोमीटर दिसत होते. त्यानंतर गाडी शंभर किलोमीटर धावली. म्हणजे चारशे उरायला हवेत, हे चौथीतलं पोरही सांगेल, आणि चार्वी तर सातवीत होती. पडद्यावर मात्र दोनशे तीस दिसत होते.

“कुठंतरी गळतंय का गं?” तिनं आईला विचारलं.

“वीज गळत नसते,” आई म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता.

चार्वीची आई, मयूरी बोराडे, लहान मुलांच्या दवाखान्यांमधली श्वासाची यंत्रं दुरुस्त करायची. दर मंगळवारी ती दोनशे किलोमीटरवरच्या एका दवाखान्यात जायची. आजवर कंपनीची व्हॅन तिला तिथं सोडून पुढच्या गावांना जायची आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन यायची. त्यामुळं मंगळवारची रात्र आई लॉजवर आणि चार्वी आजोबांबरोबर घरी, हे ठरलेलं. आता कंपनी आईला स्वतंत्र गाडी देणार होती. दोन गाड्यांपैकी एक निवडायची, ती चार वर्षं वापरायची, आणि निवड आज संध्याकाळपर्यंत कळवायची.

पहिली गाडी हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली. दुसरी निव्वळ विजेची, म्हणजे आज ते जिच्यात बसले होते ती. आईला मनातून विजेचीच हवी होती. ज्या दवाखान्यात पोरं एकेका श्वासासाठी धडपडतात, त्याच्या दारात धूर सोडत जायचं तिला पटत नव्हतं. चार्वीला मात्र हायब्रिड हवी होती. हायब्रिड वाटेत अडकणार नाही, आई मंगळवारी घरी येईल, एवढंच तिला दिसत होतं. आपण फक्त आपलाच विचार करतोय हे तिला कळत होतं आणि त्याचं वाईटही वाटत होतं, पण आई हवी होती ती हवीच होती.

“थांबव गं गाडी, चहा घेऊ,” पुढच्या सीटवरून नाना म्हणाले. “चहाशिवाय विज्ञान चालत नाही.”

नाना म्हणजे आईचे वडील, डॉक्टर दिगंबर घुले. सुई टोचणारे डॉक्टर नव्हेत, शास्त्रज्ञ. त्यांची सगळी हयात वातबोगद्यात गेली होती. (वातबोगदा म्हणजे एक लांबलचक खोली. तिच्यात मोठमोठे पंखे वारा सोडतात आणि त्या वाऱ्यात विमानाची किंवा गाडीची प्रतिकृती ठेवून तिचा अभ्यास करतात.) एवढा मोठा माणूस, पण घरात रिकाम्या खोलीत दिवा चालू दिसला की हातातलं काम टाकून तो बंद करायला धावायचा. आजही गाडीत बसल्याबसल्या त्यांनी फर्मान काढलं होतं, “ए.सी. लावायचा नाही. उगाच वीज खातो. काचा खाली घ्या, फुकटचा वारा आहे.” त्यामुळं गेले शंभर किलोमीटर चारही खिडक्या सताड उघड्या होत्या आणि चार्वीच्या केसांचं पार घरटं झालं होतं.

चार्वीच्या शेजारी बसलेल्या यंत्रमानवाला केसच नव्हते, म्हणून तो सुखात होता. गाडी दाखवायला कंपनीनं त्याला पाठवलं होतं. त्याचं खरं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे होते, पण डोकं गोल आणि पिवळं असल्यामुळं चार्वीनं दहा मिनिटांत त्याचा भोपळ्या करून टाकला. त्यानंही काही हरकत घेतली नाही.

चहाच्या टपरीमागं पाण्यानं भरलेला एक हौद होता. नानांनी कप बाजूला ठेवला आणि चार्वीला बोलावलं.

“पंजा उभा धर आणि पाण्यातून हळूहळू ओढ. जड जातंय?”

“नाही.”

“आता जोरात.”

चार्वीनं हात जोरात ओढला. पाणी हाताला रेटायला लागलं आणि नानांचा सदरा भिजला.

“पाणी वाटेत आडवं येतं, तशी हवाही येते,” सदरा झटकत नाना म्हणाले. “आपल्याला रस्ता मोकळा दिसतो, पण तो हवेनं गच्च भरलेला असतो. गाडीला ती बाजूला सारत जावं लागतं. हवेच्या या अडवणुकीला वायुरोध म्हणतात. आणि त्याची गंमत अशी, की वेग दुप्पट झाला तर वायुरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. वेग तिप्पट केला तर नऊपट.”

“म्हणजे जितक्या पटीनं वेग वाढेल, त्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणायचं?”

“बरोबर. बाजारात आपण ताशी तीसनं चाललो होतो. इथं एकशेवीसनं.”

“चौपट वेग,” चार्वीनं हिशेब केला. “मग वायुरोध सोळापट? बाप रे.”

“आता दुसरी गोष्ट. बाजारात तुझ्या आईनं कितीदा ब्रेक दाबला?”

“सारखाच दाबत होती. त्या गाईंपाशी तर गाडी उभीच केली.”

“साध्या गाडीत ब्रेक दाबला की तो वेग नुसता ब्रेक तापवण्यात वाया जातो. या गाडीत त्या वेळी मोटर उलटं काम करते. चाकं तिला फिरवतात आणि ती वीज तयार करून बॅटरीत परत भरते. याला पुनर्जनन म्हणतात, म्हणजे वाया जाणारी ऊर्जा परत मिळवणं. दिलेल्यातलं थोडं परत मिळतं, म्हणून बाजारात पल्ला टिकतो. महामार्गावर ब्रेकच दाबत नाही आपण, मग परत काय मिळणार?”

“म्हणूनच रविवारी हायब्रिड आणली तेव्हा तिचंही असंच झालं का?” आईनं विचारलं. “गावात झकास अ‍ॅव्हरेज दिलं आणि इथं आल्यावर साध्या गाडीसारखं.”

“तसंच. गर्दीत मोटर तिला मदत करते. इथं जवळजवळ सगळा भार इंजिनावर, आणि वर त्या बॅटरीचं नि मोटरचं ओझं वाहायचं. वातबोगद्यात आम्ही गाड्यांवर धूर सोडून बघायचो, हवा कुठून वाहते ते दिसावं म्हणून. गाडी गुळगुळीत असली की हवा अलगद वरून निघून जाते. पण जरा कुठं भोक, खाच, उघडी खिडकी दिसली की आत घुसून नुसता धिंगाणा...”

नाना मध्येच थांबले. त्यांनी गाडीकडं बघितलं. चारही खिडक्या त्यांच्याकडं बघत होत्या.

“नाना,” आई हसू दाबत म्हणाली, “तुम्ही आम्हाला शंभर किलोमीटर धिंगाणा घालत आणलंत.”

“सवयीनं केलं गं,” नाना कान चोळत म्हणाले. “संथ रस्त्यावर खिडकी स्वस्त. पण एवढ्या वेगात ए.सी.च्या थोड्याशा विजेपेक्षा उघडी खिडकी महाग पडते, हे मी पोरांना शिकवलंय. आणि मीच.”

चार्वीनं भोपळ्याला विचारलं, “तुला हे माहीत होतं?”

“होतं, ताई.”

“मग बोलला का नाहीस?”

“विचारलं नाहीत. न विचारता सल्ला द्यायचा नाही, असा कंपनीचा नियम आहे. मागे एका साहेबांनी माझी तक्रार केली होती.”

यावर सगळ्यात जास्त नानाच हसले.

परत निघताना आईनं काचा बंद केल्या, ए.सी. बेताचा लावला आणि वेग शंभरवर ठेवला. पडद्यावरचा आकडा आधी नुसता घुटमळला आणि मग, चार्वीच्या डोळ्यांदेखत, वाढायला लागला. दोनशे पस्तीस. दोनशे बेचाळीस. गाडी पुढं जात होती आणि पल्ला वाढत होता. चार्वी सीटवर उड्या मारायला लागली, तेव्हा कुणी न विचारताच भोपळ्यानं पट्टा लावायला सांगितलं.

“यात जादू नाही,” नाना म्हणाले. “गाडी आपल्या चालीवरून अंदाज बांधते. चाल सुधारली, अंदाज सुधारला.”

शंभर किलोमीटर कापून जालना आलं, तेव्हा पल्ला दोनशे पंधरा होता. म्हणजे जाताना आकडा दोनशे सत्तरनं घसरला होता, येताना फक्त पंधरानं. आईनं विचारल्यावर भोपळ्यानं सांगितलं, की अशी चालवली तर पूर्ण भरलेली गाडी साडेचारशे किलोमीटर जाईल.

“आणि मला जाऊन-येऊन चारशे लागतात,” आई म्हणाली. “म्हणजे काठावर पास. समोरून वारा असला, वळसा पडला, की संपलं. नको. हायब्रिडच कळवते.”

चार्वीला हवं तेच झालं होतं. तरी तिला आनंद होईना, कारण ‘हायब्रिडच’ म्हणताना आईचा आवाज बारीक झाला होता. ती खिडकीतून बाहेर बघत बसली. पेट्रोलपंपावर एक माणूस टाकी भरून घाईघाईनं निघून गेला. आणि तिला प्रश्न पडला.

“आई, तू तिकडं यंत्रं दुरुस्त करशील, तेव्हा गाडी काय करेल?”

“काय करणार? दवाखान्याच्या अंगणात उभी असेल.”

“किती वेळ?”

“चांगला चार-पाच तास.”

“मग तेवढ्या वेळात तिला जेवू घाल ना.”

आईनं कपाळावर हात मारला. “दवाखान्याच्या छपरावर सौर पट्ट्या आहेत. रुग्णवाहिकांसाठी अंगणात चार्जरही आहेत, त्यातले दोन तर कायम रिकामे असतात. मी दर मंगळवारी त्यांच्यासमोरून जाते आणि डोक्यात सारखं तेच, की वाटेत कुठं थांबायचं.”

“आपण सगळेच पेट्रोलच्या सवयीनं विचार करत होतो,” नाना म्हणाले. “पेट्रोलच्या गाडीचं पोट वाटेत थांबून भरावं लागतं. विजेची गाडी तू कामात असताना जेवून घेते. गाडी कशी धावते ते आम्ही मोजत बसलो. ती कुठं उभी राहते, ते या पोरीनं विचारलं.”

“पण वेग कमी केला तर उशीर होईल ना?” चार्वीनं शेवटची शंका काढली.

“वीस मिनिटं,” आई म्हणाली. “वीस मिनिटं उशिरा येईन. चालेल?”

चार्वी नुसतीच मान हलवत राहिली. आईनं दवाखान्यात फोन करून विचारलं. तिथल्या बाई म्हणाल्या, आनंदानं लावा की. मग आईनं भोपळ्याला निवड सांगितली आणि त्यानं ती तिथल्या तिथं कंपनीला कळवली.

“तू मोठी होशील तोवर रस्तेच गाड्यांना चालता चालता वीज देतील,” उतरताना नाना म्हणाले. “पण वायुरोध तेव्हाही असेल. त्याला गाडीचं मॉडेल दाखवून फसवता येत नाही.”

“मी अशी गाडी करीन, जी हवेला कळणारच नाही,” चार्वी म्हणाली. नानांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं आणि उद्यापासून घरच्या हौदावर प्रयोग सुरू करू म्हणाले.

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी चार्वी अभ्यास सोडून फाटकाच्या दिशेनं कान लावून बसली होती. एक मोटारसायकल गेली. एक ट्रॅक्टर गेला. शेजारच्या काकांची जुनी जीप खोकत आली. प्रत्येक इंजिनाला ती उठून उभी राहत होती आणि हिरमुसून खाली बसत होती. नाना पोळ्या भाजता भाजता हसत होते, पण काही सांगत नव्हते.

तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या केसांतून हात फिरवला. आई केव्हाच आली होती. विजेच्या गाडीला आवाज नसतो, हे चार्वी साफ विसरली होती.