भरून दिलेला वाडगा

गाडीवरचा बर्फ काढता काढता अनुयाचा अर्धा तास गेला, आणि ओटावाच्या कनाटा भागातल्या लायब्ररीत ती पोचली तेव्हा मराठी मंडळाचा कार्यक्रम केव्हाच सुरू झाला होता. अंधारात शिरताना तिचा पाय नेमका प्रोजेक्टरच्या वायरीत अडकला. पडद्यावरचा हिमबिबट्या गायब!

"बिबट्याला पळवून लावणाऱ्या तुम्ही पहिल्याच!" अंधारातून आवाज आला.

तो उन्मेष. मूळचा नागपूरचा, हिमालयातल्या एका अभयारण्यात चार वर्षं काम करून ओटावाला शिकायला आलेला. मेंढ्या खातो म्हणून बिबट्याला मारणारं गाव आता गोठ्यांना जाळ्या लावून पाळीपाळीनं राखण करतं, हे तो असं रंगवून सांगत होता, जणू घरच्याच लग्नाची गोष्ट!

चहाच्या वेळी त्यानं विचारलं, "सुरुवात चुकली का तुमची? गावच्या चालीरीती त्यातच होत्या."

"छे! मागे उभी होते की. सगळं ऐकलं," अनुयानं ठोकून दिलं. आधीच वायर उपटलेली, त्यात उशिराची कबुली कोण देणार?

मग दर शनिवारी तो तिच्या कॉन्डोवर यायला लागला. बरोबर त्या हिमालयातल्या गावाहून आणलेला लाकडी वाडगा. चहा त्यातच प्यायचा.

"माझ्या कपांना काय काटे आलेत?"

"कप दोन घोटांत संपतो. वाडग्यात... तेवढाच जास्त वेळ बसता येतं."

अनुया लाजली, आणि चहा उतू गेला. गोठलेल्या रिडो कालव्यावर स्केटिंग करताना ती घसरली की तो हात द्यायचा, आणि ती सावरली तरी सोडायचा नाही. तिलाही कुठे सोडवून घ्यायचा होता! त्या गावात येशील का, एवढं त्यानं विचारलं असतं, तर नोकरी, कॅनडात कायम राहायचा परवाना, सगळं सोडून ती निघणार होती. पण आपणहून कसं बोलायचं?

एप्रिलमध्ये शिक्षण संपवून तो त्या गावी परत निघाला. आदल्या दिवशी चहा झाल्यावर वाडगा तिच्या ओट्यावरच राहिला. 'विसरभोळा कुठला!' अनुया हसली. दुसऱ्याचं भांडं ठेवून घेऊ नये आणि रिकामं परत देऊ नये, ही आईची शिकवण. तिनं बेसन भाजलं, लाडू वळले, वाडगा काठोकाठ भरला आणि थेट एअरपोर्ट गाठला.

उन्मेषचा चेहरा उतरला. "परत... देतेयस?"

"मग? ठेवून घेऊ की काय?" ती हसली. आता तरी विचारेल...

"नाही... बरोबर आहे तुझं," तो म्हणाला आणि सिक्युरिटीच्या रांगेत शिरला. त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही. पुढे ईमेल आखडत गेल्या, मग थांबल्या. अनुयानं मनाशी धरलं, त्याच्या मनात काही नव्हतंच.

तीन वर्षांनी मंडळाच्या उमाताईंनी जुन्या कार्यक्रमांच्या डीव्हीडी तिला क्रमानं लावून ठेवायला दिल्या. एकीवर त्याचं नाव होतं. अनुयानं ती पहिल्यापासून लावली.

"या गावात प्रत्येकाचा आपला वाडगा असतो," पडद्यावरचा उन्मेष सांगत होता. "ज्याला परत यायचंय, तो वाडगा त्या घरी ठेवून जातो. घरच्यांना तो नको असेल, तर तोंडानं नाही म्हणत नाहीत. वाडगा भरून परत देतात."

अनुयानं डीव्हीडी तिथंच थांबवली. तिनं एकच ओळ लिहून पाठवली: 'उन्मेष, त्या दिवशी मला उशीर झाला होता. मी सुरुवात ऐकलीच नव्हती.'

उत्तर सकाळी आलं.

'तू सगळं ऐकलं म्हणालीस, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही गं. गेल्या वर्षी लग्न केलं, इथल्याच शाळेतल्या बाईंशी. सुखात आहे. लाडू मात्र वाटेत कुणाला दिले नाहीत. एकट्यानंच संपवले.'

अनुया ओट्याशी उभी राहून रडली. मग सवयीनं दोघांच्या चहाचं आधण ठेवलं, आणि अर्धं पाणी ओतून दिलं.