शून्याच्या आधीचे चार सेकंद

"मामा, फिल्मची सुरुवात कुठे गेली?" बारकीनं विचारलं.

"कापली. वीस सेकंद कॅमेरा नुसता हलत होता. जमीन नि चपला कोण बघणार?"

"आणि मूळ फाइल?"

"पुसली. जागा पुरत नाही गं."

मामाचं व्हिडिओचं दुकान. माणूस वाईट नाही, पण हात डोक्याच्या पुढे धावतात. बारकीची आई जाऊन दोन वर्षं झाली. कॅमेरा नेहमी तिच्याच हातात, म्हणून ती स्वतः घरच्या कुठल्याच फिल्ममध्ये नाही. आवाज तेवढा होता, तोही याच फिल्मच्या सुरुवातीला. सुट्टीत बारकी आली होती ती तेवढं ऐकायला.

तिनं भोकाड पसरलं नाही. शेजारच्या शिंपीणकाकूंच्या लेकीला, चष्मिसला, हाताला धरून आणलं.

"मामा, कापलंत कसं?" चष्मिसनं पोलिसासारखं विचारलं.

"कॉम्प्युटरच्या या काळ्या खिडकीत हुकमाची एक ओळ लिहायची, इथून इथपर्यंत. चित्रं नव्यानं बनवायची नाहीत, आहेत तशी उचलायची. चुटकीसरशी काम."

"चुटकीसरशी केलेलं काम आई मला उसवायला लावते," चष्मिस पुटपुटली.

दोघींनी त्याच खिडकीत फाइलमधल्या चित्रांच्या वेळा मागवल्या. पहिलीच वेळ उणे चार सेकंद.

"उणे? फिल्म सुरू व्हायच्या आधीच?" बारकी म्हणाली.

मामा चहा पीत राहिला. पोरींनी मदतीची पानं धुंडाळली आणि तासाभरानं उलगडा झाला. फाइलमध्ये पूर्ण चित्र काही सेकंदांनी एकदाच असतं, मध्ये नुसते बदल. म्हणून घाईची कात्री मधेच कापू शकत नाही, मागच्या पूर्ण चित्रापर्यंत सरकते आणि जास्तीच्या तुकड्यावर चिठ्ठी डकवते, 'हे दाखवू नका.'

"म्हणजे तुकडा आतच आहे!"

"वीस सेकंदांतले चारच," चष्मिस हळूच म्हणाली.

"चार तर चार."

चिठ्ठीकडे दुर्लक्ष कर, अशी ओळ बारकीनं स्वतः लिहिली. पडद्यावर जमीन हलली, चपला दिसल्या, आणि कॅमेऱ्यामागून आवाज आला, "बारके, दात घासलेस का गं?"

मामानं कप खाली ठेवला.

"इतकी वर्षं कापतोय मी," तो म्हणाला, "पण माझ्या कात्रीनं काय मागे ठेवलं ते तुम्ही पोरींनी दाखवलंत. शाब्बास. यापुढे विचारल्याशिवाय काही पुसणार नाही."

चष्मिसनं त्याची बाही ओढून त्याला बाहेर नेलं.

खोलीत एकटी बारकी उरली. तिनं तुकडा पुन्हा लावला.

"बारके, दात घासलेस का गं?"

"घासले," बारकी म्हणाली.