पगच्या पिंजऱ्याखालचा बर्फ

"बर्फ? कुत्र्यांच्या दुकानात?" नित सायकलवरून पडायचाच बाकी राहिला.

"ओरडू नकोस रे!" चोम्पूने त्याला भिंतीआड ओढलं. "रोज बघतेय मी. लुङ चुआची बर्फाची गाडी दुपारी हेंगशेठच्या दुकानाच्या मागच्या दाराशी थांबते. गोणी आत जाते, दार बंद!"

"सरबत विकत असेल," केंग म्हणाला. तो तिघांत मोठा, सगळ्यांचा 'पी' म्हणजे दादा, त्यामुळे त्याला सगळंच आधीच ठाऊक असायचं.

"कुणाला, पी केंग? कुत्र्यांना?"

त्रांग गावातली ती एप्रिलची सुट्टी! चोम्पूला ती आजही वासावरून आठवते. साखर घालून भाजलेल्या कॉफीचा वास, सकाळच्या भाजक्या डुकराच्या मांसाचा वास, भिजलेल्या गोणपाटाचा वास. तेव्हा गावभर पत्र्याची छपरं होती आणि दुपारी त्यांच्याखाली बसलं की डोक्याची भाजी व्हायची.

तसल्याच एका छपराखाली तिच्या थोरल्या मावशीचं, पा सोमचं, कॉफीचं दुकान होतं. काका होते तोवर पा सोम दिवसभर त्यांना झापायची. चूल विझली म्हणून, कप फुटला म्हणून, काहीच झालं नाही म्हणूनसुद्धा! गिऱ्हाईकं अर्धी कॉफीसाठी यायची, अर्धी ते ऐकायला. काका गेले आणि पा सोमचं तोंडच मिटलं. कापडी गाळणीतून कॉफी ओतायची, कप पुढे सरकवायची, बस्स. सुट्टीला आलेल्या चोम्पूला त्या शांततेची भीती वाटायची.

आणि मग एक दिवस पा सोम आपणहून बोलली, "कुत्रा आणावा म्हणते."

हेंगशेठकडे दोन पिल्लं तिच्या मनात भरली होती. एक काळ्या तोंडाचा पग, दुसरा बटाट्याएवढा चिवावा. हेंगशेठ काय गप्प बसतोय! "पगच घ्या, बाई! भुंकणं नाही, आजार नाही, खर्च शून्य! बघा, कसा हसतोय तुमच्याकडे बघून!"

आणि दुकानात उभी असलेली सगळी मोठी माणसं माना डोलवून म्हणाली, "खरंच हसतोय हो!"

मोठ्यांची ही खोड चोम्पूला कधीच सहन झाली नाही. कुणी शेठ बोलला की यांचे डोळे बंद! तोंड उघडं, जीभ बाहेर, पोट भात्यासारखं वरखाली होतंय, आणि म्हणे हसतोय!

पा सोम दुसऱ्या दिवशी पैसे देणार होती. म्हणून शेठचं खरंखोटं करायला तिघांनी सायकली हाणल्या.

आधी पग पाळणाऱ्या मास्तरीणबाईंकडे. "खर्च शून्य?" बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "अगं, याच्यासाठी मी एसी बसवला! चपटं नाक, श्वास पुरत नाही, उन्हात पाच पावलं चालला की आडवा. चेहऱ्याच्या घड्या रोज पुसायच्या, डोळ्यांत औषध घालायचं. मी उकाड्यात झोपेन, पण याची खोली गार हवी!"

मग चिवावा पाळणाऱ्या न्हाव्याकडे. "हे प्रकरणही स्वस्त नाही, पोरांनो. दात किडतात, काढायला डॉक्टर पैसे घेतो. गुडघ्याची वाटी सरकते. एक जेवण चुकलं तर भोवळ येऊन पडतो. पण उन्हाचं म्हणाल तर बघा की!" तो चिवावा भर उन्हात पायरीवर घोरत पडला होता.

"म्हणजे बर्फ..." नित पुटपुटला.

तिघं धावली. हेंगशेठच्या मागच्या खिडकीच्या फटीतून केंगने आत पाहिलं आणि त्याची सगळी ऐट उतरली. पगच्या पिंजऱ्याखाली टोपलं, टोपल्यात बर्फ, पिंजऱ्यावर ओली फडकी. तरीही ते पिल्लू धापा टाकत होतं.

"पा सोमच्या दुकानात एसी नाही," चोम्पू म्हणाली. "वर पत्रा, शेजारी चूल. तो आठवडाही काढणार नाही. आणि पा सोमचं तोंड पुन्हा मिटेल."

"उद्या गाडीच अडवू!" नित म्हणाला. "बर्फ नाही, तर शेठची पोल उघडी!"

"आणि पग मेला तर? आपण काय हेंगशेठ आहोत?" चोम्पूने त्याला झापलं.



शेवटी त्यांनी पा सोमलाच सगळं सांगितलं. तिने गाळणी पिळली. "एवढा मोठा व्यापारी खोटं बोलेल?"

"मग तूच बर्फ घेऊन चल ना!" चोम्पू भडकून बोलून गेली, आणि बोलता बोलता तिचे डोळे चमकले. "खरंच चल! लुङ चुआच्या जागी!"

लुङ चुआ आधी हात झाडू लागला. "माझं गिऱ्हाईक तुटेल!"

"आणि मी तुझा बर्फ घेणं बंद केलं तर?" पा सोमने शांतपणे विचारलं. त्याने मुकाट्याने आपली टोपी काढून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेंगशेठचं मागचं दार वाजलं. टोपी डोळ्यांवर, तोंडाला पंचा, खांद्यावर गोणी. जन्मभर बर्फ उचललेली बाई ती, चालही तशीच! मुलं दाराआड श्वास रोखून उभी होती.

हेंगशेठ आरशासमोर केस विंचरत होता. त्याने वळूनही पाहिलं नाही. "कुठे मेला होतास? ती कॉफीवाली येईल एवढ्यात! पगच्या खाली सरकव लवकर. एकदा पैसे हातात पडले की तिच्या पत्र्याखाली जगो नाहीतर मरो!"

पा सोमने गोणी आदळली नाही, पिल्लू दचकलं असतं. तिने बर्फ नीट पिंजऱ्याखाली सरकवला, फडकं पुन्हा ओलं केलं, आणि मग तोंडावरचा पंचा सोडला.

"ठेवला. आता बोल, शेठ!"

कंगवा खाली पडला. आणि त्यानंतर जे सुरू झालं ते ऐकायला अख्खी गल्ली गोळा झाली! "मेल्या, जीव विकतोस की टरबूज? गिऱ्हाइकाला फसवलंस ते फसवलंस, या मुक्या पोराला काय भाजून मारणार होतास?" गर्दीतून मास्तरीणबाई ओरडल्या, "मलाही असंच म्हणाला होता, हसतोय म्हणून!" हेंगशेठ वर आपल्या गार बेडरूमकडे पळायला बघत होता. पा सोमने वाट अडवली. "तिथेच जा! पण पगला घेऊन जा! आणि ज्याच्या घरी गार खोली आहे, त्यालाच तो द्यायचा. मी रोज विचारायला येणार आहे!"

पग त्या दिवशी शेठच्या पलंगावर झोपला. शेठ खाली.

मग पा सोमने चिवावाचे ओठ वर करून दात पाहिले, मागचे गुडघे चाचपले, आणि डॉक्टरसाठी किती पैसे बाजूला ठेवावे लागतील ते केंगकडून दोनदा वदवून घेतलं. पिल्लू कुशीत घेऊन ती सगळ्यांदेखत म्हणाली, "आम्ही म्हातारे नुसते हो हो म्हणत होतो. या तिघांनी जाऊन विचारलं. म्हणून मी आज रडत नाहीये." लुङ चुआने तिघांना बर्फाचा एकेक खडा दिला, आणि त्या उन्हात ते फार मोठं बक्षीस होतं.

संध्याकाळी चोम्पू रस्त्यापलीकडे सायकल पुसत होती. कॉफीच्या दुकानातून एकदम आवाज आला आणि बाकांवरची जुनी गिऱ्हाईकं कप हातातच धरून थांबली.

"ए शहाण्या! स्टुलावरून उडी मारायची नाही म्हणून किती वेळा सांगू? गुडघा सरकला तर डॉक्टरचे पैसे काय तुझा बाप देणार आहे?"