अकराव्या मजल्यावरचा समुद्र

ऋजुताला एक कोडं पडलं होतं आणि ते विचारायला घरात माणूस नव्हतं.

अकराव्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात काचेची टाकी होती. टाकीतलं खारं पाणी स्वच्छ, दिवा हवा तेवढा प्रखर, खारटपणा अगदी समुद्राइतका. तरीही आईचं प्रवाळ (दगडी घर बांधून राहणाऱ्या चिमुकल्या समुद्री प्राण्यांची वसाहत) वाढायचं थांबलं होतं. बुडाशी कातडी सुटून पांढरा दगड दिसत होता.

आई दूर लक्षद्वीपजवळ, समुद्रतळावरच्या संशोधन केंद्रात होती. बाबा कारखान्यातून अंधार पडल्यावर यायचे. हे प्रवाळ जिथून आणलं, तिथली बाकीची सगळी उन्हाळ्यात मेली होती. आईकडे त्या जातीचं दुसरं नव्हतंच. ‘‘तुझ्या भरवशावर ठेवतेय हं,’’ असं म्हणून ती गेली होती. म्हणून फोनवर तिनं ‘‘कसं आहे गं?’’ विचारलं, की ऋजुता ‘‘मस्त!’’ म्हणायची आणि कॅमेरा छताकडे वळवायची.

‘‘पाणोबा, तू रोज तपासतोस ना?’’ तिनं टाकीजवळच्या यंत्रमानवाला विचारलं.

‘‘खारटपणा, उष्णता, उजेड. सगळं ठीक. बांधकामाचं सामान मात्र संपलंय.’’

‘‘कसलं सामान?’’

‘‘प्रवाळ पाण्यातून कॅल्शियम (हाडांत, खडूत असतो तो पदार्थ) आणि कार्बोनेट ओढून घेतं, त्यांचा दगड करतं. समुद्र अफाट आहे, तिथे ते संपत नाही. आपली टाकी केवढीशी!’’

‘‘पण मी रोज पाणी भरते की!’’

‘‘साधं पाणी. वाफ होते फक्त पाण्याची, मीठ खालीच राहतं. म्हणून साधं पाणी घातलं की खारटपणा बरोबर येतो. पण प्रवाळानं वापरलेलं सामान त्यात कुठे असतं? आई म्हणूनच सांगून गेली होती, दर आठवड्याला थोडं पाणी काढ आणि नवं खारं पाणी घाल.’’

तेवढंच ऋजुतानं केलं नव्हतं. काढलेलं पाणी झाडांनाही चालत नाही, मोरीतच ओतावं लागतं. टँकरची वाट बघत वाढलेल्या लातूरच्या पोरीचा ते ओतायला हातच झाला नव्हता.

‘‘मग बोलला का नाहीस?’’

‘‘तूच म्हणालीस, पाणी फेकायचं नाही.’’

‘‘जरा उलट बोलायला शिक!’’

‘‘बरं. एकदा तरी पाणी बदलावंच लागेल. पुढे मात्र चुन्याची निवळी चालेल.’’

‘‘बाळांना पाजायचे ती?’’

‘‘तीच. पण पानाच्या डबीतला चुना नको, त्यात काहीबाही असतं. कपाटात शुद्ध चुना आहे. बाबा आल्याशिवाय डबा उघडायचा नाही. हातमोजे, चष्मा घालायचा. चुना डोळ्यांत गेला तर भाजतं.’’

त्या संध्याकाळी बादलीभर पाणी तिनं डोळे मिटून मोरीत ओतलं. नवं खारं पाणी घातल्यावर बाबांनी शुद्ध पाण्यात चुना कालवला आणि झाकून ठेवला. गाळ खाली बसला, वर नितळ निवळी राहिली. तिच्यात कॅल्शियम होतं, शिवाय ती पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडपासून कार्बोनेट तयार करणार होती. उडालेल्या पाण्याच्या जागी पाणोबा आता तीच सोडू लागला, थेंब थेंब. एकदम ओतली असती तर पाणी दाहक झालं असतं.

बरेच दिवस काहीच घडलं नाही. शाळेतून आली की ऋजुता टाकीसमोर बसायची. घरात पंपाची घरघर तेवढी असायची. मग एका दुपारी फांद्यांच्या टोकांशी तिला बारीक फिकट कडा दिसली. नवी.

तिनं स्वतःहून फोन लावला.

‘‘आई, मी खोटं बोलत होते. ते मरायला आलं होतं.’’ मग तिनं सगळं सांगितलं.

 

‘‘एवढं सगळं एकटीनं मनात ठेवलंस?’’ आई म्हणाली. ‘‘ती कडा दाखव बघू. अजून जवळून.’’

ऋजुतानं फोन काचेला टेकवला. आई लांब कुणाला तरी हाका मारत होती. ‘‘अहो, या सगळे, लवकर! लातूरचं प्रवाळ बघा!’’

‘‘लातूरला कुठे समुद्र, मॅडम?’’ कुणीतरी हसलं. खुर्च्या सरकल्या, पावलं वाजली.

‘‘ऋजुता, वाढलं की यातली फांदी देशील का गं आम्हाला? इथे लावायला?’’ आईनं विचारलं.

हात भरून आला, तरी तिनं फोन खाली घेतला नाही.